पल्याडची वस्ती आणि मैनाबाईंची तहान

अकोल्याच्या जुन्या गावातून मोर्णा नदीकडे तोंड करून उभे राहिले की समोरच्या काठावर जी वस्ती दिसे, तिला तेव्हा नाव नव्हते. गावातले लोक नुसते 'पल्याड' म्हणत. मी लग्न होऊन आले ती पल्याडलाच. नदीकाठी आमच्यासारख्या माळ्यांची थोडी घरे, वांगी-मिरचीचे वाफे आणि मागे बाभळीचे रान, एवढेच होते. मग कुठे तरी अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे कापसाचा भाव चढला. लढाईचे आम्हाला पुष्कळ पुढे कळले. आम्हाला दिसल्या त्या बैलगाड्या. अमरावतीकडून खामगावला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या नदी ओलांडायला आमच्या उताराशी थांबू लागल्या. थांबणाऱ्यांसाठी दुकाने आली, दुकानदारांसाठी घरे आली. ज्याने त्याने शेतात कापूसच पेरल्यामुळे भाजी पिकवणारे आम्हीच उरलो, आणि आमची चंगळ झाली.

गोडे पाणी तेवढे नव्हते. वस्तीतली विहीर खारी. तिच्या कठड्यावर पांढरा थर चढे आणि तो चाटायला शेळ्या येत. त्या पाण्यात तुरीची डाळ कितीही रटरटली तरी दाणा दाण्याला चिकटत नसे. पूर्वी इथे समुद्र होता, असे म्हातारी माणसे सांगत. माझा दीर सूर्यभान म्हणे, "लोक समुद्र पाहाले मुंबईले जातात. आपला विहिरीतच हाय."

हसायला ठीक होते, पण त्या विहिरीपायीच सूर्यभानचे लग्न अडले होते. स्थळे येत, पाणी पिऊन जात, आणि मग निरोप येत नसे. एका बाईने तर अंगणातच चूळ टाकली. माझ्या सासूबाईंना, दुर्गाबाईंना, ते फार लागले. मलाही हे लग्न व्हायला हवे होते. दिवसभर घरात बोलायला सासूबाईंखेरीज कोणी नव्हते, आणि त्या बोलत कमी, सांगत जास्त.

माघात वलगावचे स्थळ आले. मुलगी जमुना. तिचे सगळे तिच्या आजीच्या, मैनाबाईंच्या, शब्दावर होते. त्यांचे भाऊ नत्थुजी कापसाच्या गाड्या हाकत. त्यांच्याच गाडीतून मैनाबाई घर आणि गाव पाहायला येणार होत्या.

सासूबाईंनी बेत केला. नदीच्या वाळूत खड्डा उकरला की त्यात गोडे पाणी झिरपते. तो झिरा मी पहाटे उकरायचा, सगळा स्वयंपाक त्या पाण्यात करायचा, आणि म्हातारीला विहिरीच्या बाजूला जाऊच द्यायचे नाही.

"तिले समदी वस्ती फिरवा," त्या म्हणाल्या. "चांगली थकली की जेवाले बसवू. गोड पाणी पेली, मऊ वरण खाल्लं, की पोट्टी आपली."

"अन् लग्न झाल्यावर जमुनेनं डाळ कशात शिजवाची?" मी विचारले.

"तवाचं तवा पाहू. तू शिजवत नाईस काय?"

मैनाबाई उतरल्या तेव्हा ऊन चढले होते. उंच, काटक बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. मी पाय धुवायला पाणी दिले, ते त्यांनी घेतले. मग गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे केला, तो बोटाने बाजूला सारला.

"राहू दे, पोरी."

"झिऱ्याचं हाय, आजी. गोड हाय."

"असंन. राहू दे."

तेवढ्यात सासूबाईंना गाडीतली घागर दिसली. तोंडाला फडके बांधलेली, वलगावहून आणलेली. सासूबाईंचा चेहराच उतरला. आत येऊन मला म्हणाल्या, "पाणी घेऊन आली बाई. आपली कीर्ती तिथवर गेली."

सूर्यभानने मात्र धीर सोडला नाही. त्याने आम्हाला आधी कापसाच्या पडावर नेले. मोकळ्या मैदानात घराएवढाले ढीग पडलेले, आणि गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याच्या बाभळींना असा अडकलेला की साऱ्या झाडांना पांढरा बहर आल्यासारखा वाटे. मैनाबाईंनी एका काट्यावरचा पुंजका काढून बोटांत पिंजला.

"झाडावरचा कोणाचा असते?"

"ज्याच्या हाती लागीन त्याचा," सूर्यभान म्हणाला. "इथल्या म्हाताऱ्या यातूनच गाद्या भरतात."

ही गोष्ट त्यांना इतकी पसंत पडली की त्या वाटभर झाडे झाडत चालल्या. पुढे एका कच्छी व्यापाऱ्याच्या दुकानात ठोके देणारे घड्याळ होते. ते वाजेल म्हणून लोक आधीच जमून बसत. व्यापाऱ्याने खडीसाखर आणि पाणी पुढे केले. मैनाबाईंनी घड्याळ वाजेपर्यंत वाट पाहिली, खडीसाखर घेतली नाही. सूर्यभानने बोरीवर चढून ओंजळभर बोरे आणली. त्यांनी बोरांकडे पाहिले, मग दुसरीकडे पाहिले. "दात नाईत," म्हणाल्या. दात सगळे होते.

मागून येणारे नत्थुजी जिभेने ओठ ओले करत होते. "अक्का, आटप आता," ते हळूच म्हणाले.

"येवढ्या लांबून आली. पाहू दे मले."

मग आम्ही तारेच्या खांबाशी गेलो. तार नुकतीच आली होती. खांबाला कान लावला की आत गुणगुण ऐकू येई, म्हणून बायका पाण्याला जाता-येता तिथे थांबत. मैनाबाईंनी पदर मागे सारून कान लावला.

"कोण बोलून राहिलं?"

"मुंबईहून कापसाचा भाव चालला," सूर्यभान म्हणाला.

"काय म्हणते?"

"ते साहेबालेच समजते."

"आमच्या घरी बी असाच एक खांब हाय," त्या नत्थुजींकडे बोट करून म्हणाल्या. "दिवसभर गुणगुणते. समजत काई नाई."

मारुतीपाशी आलो तेव्हा त्या नमस्कार करून थबकल्या. "वेशीवरचा मारुती असा दुकानांच्या मधात कसा?"

मी सांगितले की तो वेशीवरच बसवला होता, वस्तीच त्याला ओलांडून पुढे गेली. मग पंचांनी पुढे दुसरा बसवला. औंदा त्याच्याही पुढे घरे झाली.

"तिसरा बसवू नका," मैनाबाई म्हणाल्या. "याले चाकं लावा."

मला हसू आवरेना. ही बाई जमुनेची आजी न होता माझी असती तरी चालले असते. पण त्या घामाने निथळत होत्या, आवाज कोरडा पडला होता, आणि आमच्या हातचा एक थेंब त्यांनी घेतला नव्हता. फिरवून फिरवून आम्हीच आमचे नुकसान करतो आहोत, असे मला वाटू लागले.

घरी पाट मांडले होते. सासूबाईंनी झाकण काढून वरण दाखवले, अगदी लोण्यासारखे झाले होते. मैनाबाईंनी वाकून वास घेतला. गिळलेला आवंढा मला दिसला.

"मी बसत नाई," त्या म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या."

सासूबाई पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"बाई, आता लपवत नाई," त्या म्हणाल्या. "हे वरण झिऱ्याच्या पाण्यातलं हाय. आमची विहीर खारी हाय, तिच्यात डाळ शिजत नाई. तुमच्या पोरीले रोज नदीवर जावं लागीन, अन् पुराच्या दिवसांत खारंच प्यावं लागीन. नाई म्हणाचं तर म्हणा. पण माह्या दारातून उपाशी जाऊ नका. तेवढं मले सोसत नाई."

मैनाबाईंनी वरणावर झाकण परत ठेवले.

"खारं हाय, हे नत्थूनं मले कधीचं सांगतलं. तो दर साली तुमच्या उताराशी उतरते. वाळूत कोणाची गाडी फसली की तुमचा पोट्टा मोट सोडून धावते, हे बी त्यानंच सांगतलं."

"ते तर समदेच करतात," सूर्यभान पुटपुटला.

"समदे करत नाईत. नत्थू उभा राहून पाहाते."

नत्थुजी खांबासारखेच काहीतरी गुणगुणले.

"पोरगी द्याची, हे वलगावलेच ठरलं," मैनाबाई म्हणाल्या. "मंग लेकीच्या घरचं पाणी कसं पेवाचं, इहीनबाई? आमच्यात तर तिच्या गावच्या वेशीच्या आत घोट घेत नाईत. आपल्या घागरीतला बी नाई."

हा रिवाज आम्हालाही ठाऊक होता. आमच्याही घरच्या म्हाताऱ्या तो पाळत. पण विहिरीची लाज अशी डोक्यात बसली होती की कोणाला आठवलाच नाही.

"मंग दिवसभर उन्हात कायले फिरल्या?" सासूबाईंना रडू आणि राग एकदमच आला होता.

"तुमीच फिरवलं. मी म्हटलं, दाखवून राहिले तर पाहू. आता येवढं सांगा, तुमचं गाव संपते कुठं? माहा जीव चालला."

सूर्यभानने घागर खांद्यावर घेतली आणि आम्ही सगळे लगबगीने निघालो. दुसऱ्या मारुतीच्या पुढे गेलो तर कुंभाराचे घर. त्याच्या पुढे गाडीवानांच्या झोपड्या. झोपड्या संपल्या म्हणून मी थांबले, तर एक माणूस दोरी धरून जमीन मापत होता.

"इथं काय करून राहिला, बाप्पा?" मैनाबाईंनी विचारले.

"घर बांधतो, आजी."

"बांध. पण जरा उद्या बांधलं असतं."

शेवटी आगगाडीसाठी टाकलेला मुरुमाचा बांध आला. लोक संध्याकाळी त्यावर फिरायला येत. वस्तीत एवढी उंच जागा दुसरी नव्हती.

"हे कोणाच्या गावचं?"

"कोणाच्याच नाई," सूर्यभान म्हणाला. "रेल्वेचं."

"मंग चालते."

पदर खोचून त्या बांधावर चढल्या, बसल्या, आणि घागर तिरपी करून ओंजळीने इतके पाणी प्यायल्या की लुगडे भिजले. त्यांचे पिऊन होण्याआधीच नत्थुजी ओंजळ धरून बसले होते. मग मैनाबाईंनी शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, तिळाची चटणी, कांदा. अर्धी भाकर मोडून सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"तुमी खा. पोराच्या मायले चालते."

"पोट्टी कवा देता?" सासूबाईंनी घास घेण्याआधी विचारले.

"फागुनात. खा आता. गाडी कवा येते इथं?"

"रूळच नाईत अजून," सूर्यभान म्हणाला.

"मंग घाई नाई."

सासूबाईंनी भाकर खाल्ली. मैनाबाईंनी वलगावची घागर त्यांच्यापुढे केली. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि माझ्याकडे पाहिले.

"हे बी मचूळच हाय वो, इहीनबाई."

"वाटेतलं शिळं हाय," मैनाबाई म्हणाल्या. "प्या गुमान."