हिरवळीवरची सभा

उंदरांचे कान तपासणं हे काही डॉक्टर नागसेनने लहानपणी पाहिलेलं स्वप्न नव्हतं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या शेजाऱ्यांना तो "साथरोग विभागात असतो" एवढंच सांगायचा आणि घाईने विषय बदलायचा. पण नरखेड तालुक्यातल्या एका गावात स्क्रब टायफसचे दोन रुग्ण निघाले आणि डॉक्टरसाहेब संत्र्याच्या बागांमधून पिंजरे घेऊन हिंडू लागले. या तापाचा जंतू गवतातल्या एका बारीक किडीतून माणसात येतो. ही कीड उंदरांच्या कानात राहते, आणि माणसाला चावली की बहुतेक वेळा तिथे काळी खपली धरते. वेळेत ओळखलं तर साध्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. उशीर झाला तर जीवही जातो.

गावाने त्याचं नाव उंदीरवाले साहेब ठेवलं. उंदीर पिंजऱ्यातलं भजं खाऊन पसार व्हायचे, आणि जे सापडले त्यांचे कान साहेबांच्या कानांपेक्षा स्वच्छ निघाले.

खरं तर त्याला अभिमान होता तो जनजागृतीच्या सभेचा. पहिले दोघे बरे होताच त्याने ती घेतली होती. शाळेच्या वऱ्हांड्यात उजेड कमी, म्हणून त्याने सगळ्यांना पंचायतीच्या विहिरीजवळच्या हिरवळीवर आणलं. साहेब साधा माणूस आहे असं दिसावं म्हणून स्वतःही मांडी घालून बसला, आणि गवतात बसू नका, अंगावर काळी खपली शोधा, असं तासभर समजावलं. फोटो इतका झकास आला की ऑफिसच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

त्यानंतर मात्र रुग्ण वाढतच गेले. त्यांच्यात अंगणवाडीत स्वयंपाक करणारी प्रयागबाईही होती. तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. ती बागेत पाऊलही टाकत नाही, असं तिचा नवरा रुपराव हात जोडून सांगत होता. नागसेनने मान डोलावली आणि बाहेर येऊन आरोग्यसेवक जितेंद्रला म्हणाला, लोक खोटं बोलतात. मग त्याच जागी आणखी एक सभा ठरवून टाकली, या वेळी शाळेच्या मुलांसकट.

सभा तोंडावर आली आणि साहेबांना ताप भरला. त्याने स्वतःच निदान केलं, व्हायरल. दोन दिवस गोळ्या गिळून तो सोफ्यावर एका कुशीवर पडून राहिला. सरळ का बसत नाही, हे बायकोने, प्रीतीने, विचारलं तेव्हा तो म्हणाला, गळू असेल.

"साऱ्या तालुक्याले खपली शोधाले लावली तुम्ही," प्रीती म्हणाली. "स्वतःची पाहिली का?"

त्याने पाहिली नव्हती. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन, मान मोडेस्तोवर वळून पाहिली, तेव्हा ती सापडली. जिथे माणूस बसतो, नेमकी तिथेच. काळी, गोल, पुस्तकातल्यासारखी.

आपण बागेत कधीच बसलो नाही, सगळी कामं बूट घालून उभ्याने केली, हे त्याच्या लक्षात आलं. मग बसलो कुठे? उत्तर कळत होतं, पण ते खरं नसावं असं त्याला मनापासून वाटत होतं. दवाखान्यात गोळी घेतल्यावर तो तसाच प्रयागबाईच्या वॉर्डात गेला. तिचा ऑक्सिजनचा मास्क निघाला होता. आजारी पडायच्या आधी गवतात कुठे बसली होती, हे त्याने आता तिलाच विचारलं. या वेळी आवाज लहान होता.

"माहे गुडघे दुखतेत, साहेब. मी गवतात जातच नाही," ती म्हणाली. "तुमच्या सभेले शाळेतली सतरंजी घेऊन आलती मी. तुम्हीच म्हणले, राहू द्या, फोटोत हिरवं चांगलं दिसते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला भडभडून आलं, आणि रडायलासुद्धा त्याला नीट बसता येईना.

बाहेर येऊन त्याने जितेंद्रला फोन केला. उद्याची सभा रद्द, त्या हिरवळीवर पोरांना पाय ठेवू देऊ नको. जितेंद्र म्हणाला की सरपंच ऐकणार नाहीत, मंडपवाल्याला सांगून झालंय. काही पुरावा असेल तर ग्रुपवर फोटो टाका, मी त्यांना दाखवतो.

"पुरावा आहे," नागसेन म्हणाला. "पण त्याचा फोटो टाकता येत नाही गा."

मग जिन्यात उभ्याउभ्याच त्याने ग्रुपवर सभेचा तोच जुना झकास फोटो पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं, ताप इथून पसरला, यांना इथे मी बसवलं.

कोणीतरी सवयीने लगेच अंगठा दिला.