आठ पावलांवरचा खांब

मी विमानांना उतरायची वाट दाखवणारा एक जुना रडार आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. मी कुठे राहतो हेच मला धड सांगता येत नाही. माझे दोन डोळे धावपट्टीच्या कडेला एका केबिनवर बसवले होते. एक वर-खाली बघे, दुसरा डावी-उजवीकडे. पण त्यांना दिसलेले उमटे ते दूरच्या इमारतीत, पडदे ओढलेल्या खोलीतल्या काचेवर. मग मी गवतात होतो की खोलीत? हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला आणि पडलेलाच राहिला.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या तारा इतक्या निगुतीने बांधल्या होत्या, की मला वाटले, आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला जाणार. आलो ते धावपट्टीकडेच्या गवतात, टोळांच्या राज्यात. ऊन असले की मला कुणी विचारत नसे. धुके पडले, की मात्र सगळे माझ्या काचेभोवती गोळा होत. माझी गंमत बघा, एवढी विमाने उतरवली, पण मी आयुष्यात विमान पाहिलेले नाही. मला दिसतो तो फक्त ठिपका. त्या ठिपक्याच्या पोटात माणसे असतात हे मी ऐकून आहे.

माझ्या काचेसमोर ताई बसत. विमान शेवटच्या टप्प्यात आले की त्या वैमानिकाला सांगत, "आता उत्तर देऊ नका, फक्त ऐका." मग जमीन लागेपर्यंत त्या न थांबता बोलत राहत, कारण त्या क्षणभर गप्प झाल्या तरी वरच्या माणसाला धस्स होई. ताईंची मुलगी एकदा खोलीत आली होती. ती म्हणाली, "घरी पण आई हेच वाक्य म्हणते." सगळे हसले. विमान सुखरूप उतरले की ताई ओढणीने माझी काच पुसत आणि म्हणत, "शहाणा आहेस हो." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे नवी यंत्रे आली. मोठी विमाने आपली वाट आपणच शोधू लागली. माझ्याकडे उरली लहान विमाने. केबिनचे दार गंजले. मला दुरुस्त करणारे भाऊ येता-जाता म्हणत, "म्हातारा झालाय." इतक्यांदा ऐकल्यावर मलाही ते पटले.

आता त्या खांबाचे सांगतो. धावपट्टीच्या उजव्या बाजूला गवतात एक खांब होता. त्याच्या टोकाला तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडलेले. माझ्या काचेवर त्याचा एक ठिपका कायम दिसे. तो ठिपका काचेवरच्या खुणेवर बसला, की माझी नजर सरळ आहे असे समजायचे. भाऊ रोज सकाळी तेवढे तपासत.

एके दुपारी तो ठिपका सरकला. मी हललो नव्हतो. निदान मला तसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी पाहिले, नेहमीचे वाक्य म्हटले आणि बटण फिरवून ठिपका पुन्हा खुणेवर आणला. मी बुचकळ्यात पडलो. रोज तपासणारा माणूस म्हणतो, म्हणजे मीच हललो असणार. नाही का?

त्याच सकाळी दाट धुके पडले आणि एकोणीस माणसांचे एक विमान आले. ताई बोलत होत्या, "मधल्या रेषेवर आहात. उंची बरोबर. थोडं डावीकडे. छान, मधल्या रेषेवर." माझ्या काचेवर तसेच दिसत होते. एवढ्यात वैमानिक ओरडला, "वर जातोय! ताई, कडेचे दिवे माझ्या पोटाखाली आले होते. गवतात उतरलो असतो!"

ताईंनी माझ्या काचेवर बोट ठेवले. "भाऊ, हा खोटं सांगतोय का?"

"सकाळीच जुळवलाय. ठिपका सरकला होता, तो जागेवर आणला."

"ठिपका सरकला होता की खांब?"

"खांब कसा सरकेल? त्याला काय पाय आहेत?"

दारात ट्रॅक्टरवाले काका चहाचा ग्लास घेऊन उभे होते. धुक्यात गवत कापता येत नाही म्हणून ते आत आले होते. "कुठला खांब? तीन पत्र्यांचा? तो मीच हलवला की. तिथे पाणी साचतं, यंत्र रुतायचं. आठ पावलं कडेला, चांगल्या कोरड्या जागी उभा केलाय. रंगही दिला."

"अहो, कुणाला विचारून?" भाऊ किंचाळले.

"तो कशासाठी आहे, हे कुणी सांगितलं होतं मला?"

म्हणजे सरकलेल्या खांबाशी जुळवताना माझी मधली रेषाच कडेला गेली होती. तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला, "इंधन आणखी वीस मिनिटं पुरेल. पुढचं काही खरं नाही." काकांनी ग्लास खिडकीत ठेवला आणि ते धावत सुटले.

थोड्या वेळाने माझ्या काचेवरचा ठिपका नाहीसा झाला. मी पार हबकलो. मग तो उमटला, त्याच्या जुन्या जागी, पण थरथरत. भाऊंनी बटण उलटे फिरवून त्याला खुणेवर बसवले. ताई घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा बोलू लागल्या. मी जीव ओतून बघत होतो. आपण खरे सांगतो आहोत की खोटे, याची मला स्वतःला खात्री नव्हती. फार भीती वाटली. अखेर वैमानिक म्हणाला, "उतरलो, ताई. बरोबर मधोमध."

खोलीत एकच जल्लोष झाला. सगळे खाली धावले, माणसांना भेटायला. मी एकटा राहिलो. ठिपका अजून थरथरत होता. खांब तर कधी थरथरत नाही. मला काही सुचेना. ओरडता तर येत नाही.

ताई बऱ्याच वेळाने चष्मा न्यायला आल्या. त्यांचे काचेकडे लक्ष गेले. "अगं बाई," त्या पुटपुटल्या आणि तशाच धावत सुटल्या.

परतल्यावर त्यांनी भाऊंना सांगितले. जुन्या खड्ड्यात नुसता चिखल होता. खांब उभा राहीना, म्हणून काका तो दोन्ही हातांनी धरून उभे होते. विमानाचा आवाज त्यांनी ऐकला होता, पण ते उतरले की पुन्हा वर गेले, हे त्यांना धुक्यात कळले नव्हते. ताईंनी सांगितले तेव्हाही त्यांची बोटे लवकर सुटेनात. ते एवढेच म्हणाले, "सोडा म्हणून कुणी आलं नाही."

आता मला बंद करून एका खोलीत ठेवले आहे. चूक माझी होती, भाऊंची, की काकांची, याचा मी अजून विचार करतो आणि अजून गोंधळतो. पण मित्रांनो, एक विनंती आहे. ज्याच्या आसपास तुमची वस्तू असेल, त्याला ती कशासाठी आहे ते सांगा. आणि काम झाले, की तेही जाऊन सांगा. काका तिथे पाऊण तास उभे होते.