शेवटच्याची चिठ्ठी

सायकल शर्यतीचा वार्ताहर शर्यत पाहतो, हा लोकांचा गोड गैरसमज आहे. तो गाडीनं पुढे पळतो आणि शेवटच्या रेषेजवळ एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये बसून टीव्ही बघतो. मी एकोणीस वर्षं हेच करतोय. कुणासाठी टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, एवढं एकच पथ्य आम्ही पाळतो.

यंदा मला जिंकणाऱ्यांचा कंटाळा आला होता. कुतूहल होतं ते शेवटच्याचं. सगळे त्याला ‘हमाल’ म्हणत. संघनायकाला पाण्याच्या बाटल्या पोचवणं हे त्याचं काम. पहिला पोचल्यावर ठरावीक मुदतीत न पोचणारा शर्यतीतून बाद होतो. हा पठ्ठ्या सलग दहा दिवस शेवटचा आला, तोही रोज मुदतीला बरोबर मिनिटभर शिल्लक ठेवून. हे जमतं कसं?

अकराव्या सकाळी, घाटाच्या दिवशी, मी विचारलंच. त्यानं हँडलवर चिकटवलेली चिठ्ठी दाखवली.

“पहिला कधी पोचेल ते सकाळीच ताडतो. त्यावरून माझी मुदत काढतो. आज पाच वाजून पाच. उगाच लवकर पोचून कुणावर छाप पाडायचीय, साहेब? उद्या परत बाटल्या वाहायच्यात.”

“आणि अंदाज चुकला तर?”

“अजून चुकला नाही. चुकला तर संघाची माणसं कानातल्या रेडिओवर सांगतात. घाटात मात्र तो मुका होतो.”

दुपारी टीव्हीवर पहिला आला, आणि मी घड्याळ पाहिलं. तो हमालाच्या अंदाजापेक्षा दोन मिनिटं लवकर आला होता. हमालाची मुदत पाच-तीनला संपणार, आणि हा बापडा निवांत पाच-चारला येणार!

संपादकांचा फोन आला. “विजेत्याला गाठ. बाकी सगळं सोड.”

मी बाकी सगळं धरलं. ढेरी आणि चष्मा सांभाळत घाटमाथ्यावरच्या रेषेपासून दोन किलोमीटर उतार धावलो. वळणावर तो दिसला, अगदी आरामात.

“अरे, दोन मिनिटं कमी आहेत! पळ!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. एकोणीस वर्षांचं पथ्य तिथंच मोडलं.

तो नऊ सेकंद राखून पोचला. मुलाखत हुकली म्हणून संपादकांनी मला सोलून काढलं. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या हँडलवर वाकून पाहिलं. नव्या चिठ्ठीत वेळेखाली एक ओळ जास्त होती: ‘चष्मेवाले साहेब ओरडले, तर त्यांचं खरं.’