शिंप्याच्या पोटरीवरचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचाही नाही. त्याहून हलक्या मॅग्नेशियमचा. काही महिने मी एका माणसाची पोटरी सांभाळली. माझ्या आयुष्यात चांगले म्हणावे असे तेवढेच घडले.

माझा जन्म धातूंच्या एका प्रयोगशाळेत झाला. मॅग्नेशियममध्ये थोडे ॲल्युमिनियम आणि चिमूटभर जस्त मिसळून एक लादी ओतली होती. तिच्या तुकड्यांपैकी एक मी. ती ओतणारी बाई धातूंची अभ्यासक होती आणि तिचे वडील शिंपी होते. लहानपणीच्या आजाराने त्यांचा डावा पाय लुळा पडला होता. त्याला लोखंडी पट्ट्यांचा जड कॅलिपर लावून ते दिवसभर उभ्याने कापड बेतत. संध्याकाळी कॅलिपर सोडला की पोटरीवर लाल वळ दिसत. ते वळ बघत ती लहानाची मोठी झाली. बाबांना हलका आधार करून द्यायचा, हा एकच ध्यास तिने घेतला.

पण आम्ही मॅग्नेशियमचे पत्रे भारी हट्टी. आमच्या अंगात बारीक कण असतात आणि प्रत्येक कणात थरावर थर, पत्त्यांच्या कॅटासारखे. थंड असताना हे थर एकमेकांवरून घसरतात तेवढेच. दुसरी हालचाल त्यांना फारशी येत नाही. साध्या लाटण्यात, ज्या दोन रुळांमधून पत्रा दाबून काढतात, ते सारख्या वेगाने फिरतात, पत्रा एकाच दिशेने आत जातो, आणि सगळे थर अगदी आडवे होऊन बसतात. मग पत्रा वाकवू गेले की थरांना घसरायला वाटच मिळत नाही. पत्रा तडकतो.

माझा थोरला भाऊ असाच लाटला होता. पोटरी-टाचेच्या आकाराच्या साच्यावर ठेवून दाबला आणि काडकन मोडला. रूळ चालवणाऱ्या कामगाराला सगळे रूळमामा म्हणत. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून पाहिले.

"बाई, हा पत्रा नाही, बिस्कीट आहे. चहात बुडवून खा."

"हसू नका मामा. मला रडू येतंय."

दुसऱ्या भावाला दर फेरीला काटकोनात वळवून लाटले. तो बरा वाकला, पण टाचेच्या वळणावर त्यालाही चिरा गेल्या. मग माझी पाळी आली. या वेळी बाईने यंत्राचे गिअर बदलून घेतले. वरचा रूळ सावकाश, खालचा जोरात. दर फेरीआधी मला भट्टीत तापवायचे आणि त्या ओढाताणीत ढकलायचे. अंग पिळवटून निघे. बाहेर पडताना मी गुंडाळीसारखा वळे. मामा मला पुन्हा तापवून सरळ करत. पण त्या जाचानेच माझे कण बारीक झाले आणि आडवे पडलेले थर तिरपे कलले. आता त्यांना घसरायला वाट होती.

शिंप्याच्या पायावरून घेतलेल्या साच्यावर मला ठेवले, किंचित गरम केले आणि दाबले. मामांनी डोळे घट्ट मिटले होते.

"मोडला?"

"नाही मामा. बघा तरी!"

माझ्यावर गंजू नये म्हणून लेप चढला, आतून मऊ कापड लागले. बाईने मला वडिलांच्या पायावर बसवून पट्टे आवळले.

"बांधून झालं, की अजून बांधायचंय?" वडिलांनी विचारले.

"झालं, बाबा. उठा."

ते उठले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

त्यानंतरचे महिने आम्ही दोघांनी मजेत काढले. शिंपीकाका शीळ घालत जिना उतरत. गिऱ्हाइकांना म्हणत, "माप नंतर घेतो, आधी माझा पाय बघा!"

हे सारे प्रयोगशाळेच्या साहेबांच्या कानावर गेले. असे पुष्कळ आधार करायचे, असे त्यांनी ठरवले.

"पण तुमच्या या तऱ्हेने पत्रा गुंडाळतो, परत सरळ करा, फार वेळ जातो. साधं लाटा. धातू तोच आहे ना?"

"धातू तोच आहे, साहेब, पण अंग वेगळं आहे. खूप तापवलात तर साध्या लाटलेल्या पत्र्यालाही आकार येईल. नंतर थंड अंगावर झटका बसला, की तो तडकेल."

"उगाच फाटे फोडू नका."

गिअर उतरवले गेले आणि भंगारात गेले. पत्रे भराभर निघाले. एका ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईंच्या पायाला त्यांतला एक लागला. त्या जिन्यावरून उतरत असताना तो टाचेपाशी मोडला. त्यांचे खुब्याचे हाड असे मोडले, की त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आमची बाई त्यांना भेटायला गेली.

"मला म्हणाले होते, त्या शिंप्याचा पाय बघा, तसाच तुमचा होईल," त्या म्हणाल्या.

चौकशी बसली. साहेबांनी हात झटकले. दोष धातूचा, आणि तो सुचवणाऱ्या बाईचा. आता पुरावा एकच होता. माझा तुकडा कापून, मोडलेल्या पत्र्याच्या तुकड्याशेजारी ठेवून, दोघांच्या आतली ठेवण दाखवायची. बाई ते घरी बोललीच नाही. मामांनी शिंपीकाकांना सांगितले. त्यांनी स्वतः पट्टे सोडले आणि मला तिच्यापुढे ठेवले.

"बाबा, हा कापला तर दुसरा होणार नाही. गिअरच उरले नाहीत."

"माहीत आहे. म्हणून तर तू मागितला नाहीस."

"मला नाही कापवणार."

"जन्मभर मी दुसऱ्यांच्या मापाचं कापत आलो, पोरी. हे माझ्या मापाचं आहे. मी सांगतो, काप."

तिने कापले. माझा तुकडा घासून आरशासारखा केला, क्ष-किरणांखाली धरला. मोडलेल्याचे थर सारे आडवे होते, माझे तिरपे. आंधळ्यालाही कळावे इतके स्पष्ट होते. चौकशीचे मुख्य अधिकारी मान हलवून म्हणाले, "दिसतंय. पण बाई, निर्णय झालाय."

मॅग्नेशियमचे काम बंद झाले. बाईला घरी बसवले. मामांची बदली दूर कुठेतरी झाली. माझ्या भोकावर दुसरा पत्रा जोडायचे बाईने ठरवले, तेव्हा काका म्हणाले, "मी शिंपी आहे. ठिगळ कुठे टिकतं आणि कुठे नाही, हे मला कळतं."

त्यांनी पुन्हा लोखंड बांधले. पण हलकेपणाची सवय झालेला पाय ते ओझे उचलेना. जिना उतरणे थांबले. मी दाराआडच्या खिळ्याला टांगलेला आहे. कापलेल्या कडेवर लेप नाही. तिथून ओल शिरते आणि मी पांढरी भुकटी होऊन झडतो आहे.

मित्रांनो, एखादी गोष्ट मोडली, की तिची जातच वाईट, असे म्हणून मोकळे होऊ नका. ती घडवताना कोणी घाई केली, तेवढे विचारा. आणि विचारायचे तर वेळेवर विचारा. उशिरा मिळालेल्या उत्तराने कोणाचा पाय परत येत नाही.

काल खालून कोणीतरी हाक मारली, "शिंपीकाका, आहात का?" काका खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले. मग पुन्हा बसले आणि लेकीला हळूच म्हणाले, "सांग, नाहीत म्हणून."