गव्याची गोळी

रखमाजी तात्यांना मोठी रायफल हवी होती, आणि हे आळ्यापासून येडगावपर्यंत ज्याला ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. बिबट्याचा त्रास सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून हवी होती. बिबट्यानं फक्त कारण पुरवलं.

तसे तात्या मुळातच बंदूकवाले. पीकसंरक्षणाचा परवाना वडिलांचा होता, तो त्यांच्यामागं तात्यांच्या नावावर झाला, आणि त्याबरोबर बारा बोरची दुनळीही आली. रानडुकरं मक्यात शिरली की तात्या बांधावर जाऊन हवेत एक बार काढायचे. डुकरं पळायची, दुसऱ्या दिवशी परत यायची, आणि दोन्ही बाजू समाधानात असायच्या. निवडणूक आली की दुनळी पोलीस ठाण्यात जमा करायला ते स्वतः इस्त्रीचे कपडे घालून जात. त्यांची बायको साळुबाई म्हणायची, "आमच्यापरीस त्या बंदुकीनंच जास्त परवास केलाय. घर ते पोलीस ठेसन, पोलीस ठेसन ते घर." तात्या तेवढ्यात बंदुकीला तेल लावायला घेत.

मग दिवाळीनंतर झुंबरबाईचं ते झालं. झुंबरबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या गोरखची आई. सकाळी न्याहारी करून बांधावर गुरांसाठी गवत कापायला बसली होती. एकटीच होती. उसातून बिबट्या आला, मान धरली आणि आत ओढत नेली. आरडाओरडा ऐकून तात्या दुनळी घेऊन धावले. त्यांनी पाहिलं ते इतकंच, की उसाचे शेंडे हलत होते आणि मग हलायचे थांबले. त्यांनी बार काढला नाही. पुढं माणसं आत गेली तेव्हा म्हातारी संपलेली होती.

नंतर पिंजरे लागले, एक बिबट्या धरला गेला, गाडीतून नेला. तोच होता की दुसरा, हे कोण सांगणार? चार दिवसांत पुन्हा ओल्या सरीत पंजे उमटले. लोक तात्यांना बोल लावत नव्हते. उलट सांभाळूनच घेत होते. "तात्या पोचले व्हते हो येळेवर, पर बंदूक बारकी पडली." हे वाक्य कुणी पहिल्यांदा काढलं देव जाणे, पण तात्यांना ते आवडलं आणि महिन्याभरात ते स्वतःच तसं सांगू लागले.

तेराव्याला गोरखनं त्यांचे दोन्ही हात धरले होते. गोरख आळेफाट्यावरच्या एका गॅरेजात कामाला, मुळात अबोल. त्या दिवशी मात्र म्हणाला, "तात्या, तुमी मोठी बंदूक आना. काय सह्या, कागद लागतील ते मी बगतो." तात्यांनी सगळ्या भावकीसमोर शब्द दिला. "आनतो. तुज्या आईचा जीव मी वाया जाऊ देनार न्हाई."

आता कोणती आणायची, एवढाच प्रश्न उरला. तो त्यांच्या मुलानं सोडवला. भरत चाकणला कंपनीत, शनिवार-रविवार घरी. त्यानं मोबाईलवर दाखवलं, बाहेरच्या देशात कुणीतरी नवीन काडतूस काढलंय, आजवरच्या सगळ्यांपेक्षा जाड, एका गोळीत रानरेडा आडवा. तात्यांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की सून स्नेहलनं स्वयंपाकघरातून विचारलं, "तात्या, तो रेडा अजून एकदा मेला का?"

तात्या पुण्याला दुकानात गेले. दुकानदार भला माणूस होता. त्यानं विचारलं, "काका, कशासाठी हवंय?"

"बिबट्यासाठी."

"बिबट्या म्हणजे साठ-सत्तर किलोचं जनावर. त्याला एवढी लागत नाही. ही गोळी गव्याच्या आरपार जाते."

"मग बरंच की," तात्या म्हणाले.

दुकानदारानं समजावून सांगितलं, की ही इथं मिळत नाही, मिळाली तरी परवाना वेगळा, आणि ताकदीनं तिच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी एक मोठी रायफल आहे तिच्यासाठी जिल्ह्याला अर्ज करावा लागेल; गावाचा ठराव जोडला तर वजन पडेल. तात्यांनी त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं. येताना त्यांनी दारू न भरलेलं एक नमुन्याचं काडतूस मागून आणलं. ते बंडीच्या खिशात असायचं आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज निघायचं. लोक हातात घेऊन वजन करत, माना डोलावत. वनखात्याचा गार्ड रामदास तिथंच एकदा म्हणाला, "तात्या, बिबट्या मारायला वरून हुकूम लागतो, आन् तो निघाला तर आमचीच मानसं येत्यात." तात्या म्हणाले, "अंगावर आल्यावर हुकूम मागत बसू का?" सगळे हसले. रामदासही हसला, काय करणार? गेली दोन वर्षं तो वस्तीवस्तीवर सांगत होता की गवताला दोघीनं जा, एकीनं उभं राहा, वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढं दिसतं. त्याचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणीच मनावर घेतलं नव्हतं, कारण त्यात हातात धरून दाखवण्यासारखं काही नव्हतं.

ठरावासाठीची ग्रामसभा शुक्रवारी होती. बुधवारी तात्यांच्या स्वतःच्या उसाला तोड आली.

टोळी पहाटेच लागली. ऊस दोन्ही अंगांनी कमी होत गेला आणि दुपारच्या आत लग्नाच्या मांडवाएवढा तुकडा मधोमध उरला. तेव्हा एका तोडणाऱ्याला आत शेपूट दिसलं. कोयते थांबले. कुणीतरी फोन लावला आणि चहा पिऊन होईतो शे-दीडशे माणूस गोळा झालं.

आपल्याकडं अशा वेळी माणसं कशी उभी राहतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. शेवटचा तुकडा उरला की चारी बाजूंनी कडं करायचं. बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, पाचटाच्या ढिगावर, जागा मिळेल तिथं. निम्म्यांच्या हातात काठ्या, निम्म्यांच्या हातात मोबाईल. तो सुटता कामा नये म्हणून हे कडं. तो सुटला नाही तर पुढं काय करायचं, हा विचार आजवर एकाही कड्यातल्या एकाही माणसानं केलेला नाही. तात्यांनीही केला नव्हता. या आधीच्या तीन-चार कड्यांत ते स्वतः पुढच्या रांगेत होते.

तात्या दुनळी घेऊन आले तशी गर्दीनं वाट करून दिली. ऊर भरून आला त्यांचा, खोटं कशाला बोला. गोरख गॅरेजातून तसाच आला होता, हाताला ग्रीस. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "तात्या, आज."

तात्यांनी दोन काडतुसं भरली. पलीकडून कुणीतरी दगड टाकला. आतून गुरगुर आली, पाचट वाजलं, आणि बिबट्या तात्यांच्याच बाजूला अर्धा बाहेर आला. आधी तोंड, मग पुढचे दोन पाय. कान मागं टाकलेले. इतक्या जवळ, की त्याच्या मिश्या दिसत होत्या. तात्यांनी बंदूक खांद्याला लावली.

या वेळी जनावर दिसत होतं. हुकूम नव्हता, पण कारण होतं, साक्षीला सारा गाव होता, आणि ज्याची आई गेली तो हाताशी उभा होता. एवढं सगळं जुळून आलेलं असताना तात्यांना बंदुकीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीच्या वर, बिबट्याच्या डोक्याच्या वर, विरळ उसाच्या पलीकडं पिवळी ओढणी दिसली. स्नेहल. ट्रॉलीवर चढून मोबाईल धरून उभी होती. तिच्या बाजूला टोळीतल्या बाया, एकीच्या कडेवर पोर.

तात्यांनी नळी जरा डावीकडं घेतली. तिथं गोरखचा गोठा, दारात उभी माणसं. उजवीकडं घेतली. तिथं रस्ता, दुधाचा टेम्पो थांबलेला, टपावर पोरं. दुनळीचे छर्रे त्या उसात अडकले असते कदाचित. पण तात्यांच्या डोक्यात आता दुनळी नव्हतीच, ती मोठी होती. तिची गोळी बिबट्यातून गेली असती, उसातून गेली असती, आणि तरी तिला अजून पुढं जायचं असतं. दुकानदार सांगत होता तेव्हा आपण "बरंच की" म्हणालो, हे त्यांना आठवलं. त्यांनी बंदूक मधून उघडून दोन्ही काडतुसं काढून घेतली.

"तात्या?" गोरख म्हणाला.

बिबट्या आत वळला होता. तात्या कड्याच्या बाहेरून धावत सुटले आणि ओरडू लागले, "ही बाजू मोकळी करा! वाट द्या त्याला!" कुणी हललं नाही. बिबट्याला वाट कोण देतं? मग तात्यांनी आपल्या बापाकडून आलेल्या सगळ्या शिव्या बाहेर काढल्या. रिकामी बंदूक आडवी धरून त्यांनी माणसं ढकलली, एकाचा मोबाईल सरीत पाडला, ट्रॉलीखाली उभं राहून सुनेवर खेकसले, "स्नेहल, उतर खाली, घरी जा." तिनं सासऱ्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, ती मुकाट उतरली. त्या अंगाची गर्दी फाटली. आणि पिवळा पट्टा ओढल्यागत बिबट्या त्या फटीतून निघून गेला. कुणाला ओरखडा आला नाही.

तो गेला तो थेट गोरखच्या उभ्या उसात शिरला.

गोरखनं हाताचं ग्रीस पँटला पुसलं. मग म्हणाला, "आईला खाल्लेला तुमी माज्याच रानात घातलात, तात्या." आवाज चढवून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी ग्रामसभेत ठराव वाचला गेला. पाणी रात्री धरायला लागू नये म्हणून दिवसा वीज, जादा पिंजरे, आणि श्री. रखमाजी यांना मोठ्या बोरच्या रायफलीचा परवाना मिळावा अशी शिफारस. तात्या उभे राहिले. लोकांना वाटलं आभार मानतायत.

"माजं नाव काढा त्यातून," ते म्हणाले. "मला रायफल नको."

गलका झाला. कुणी म्हणालं, तात्या भ्याले. कुणी म्हणालं, वनखात्यानं दम दिला असंल. तात्यांनी गलका थांबू दिला. "बंदूक बारकी न्हवती. त्या दिवशी बी न्हवती. मला जनावर दिसलंच न्हाई. तोफ असती तरी दिसलं नसतं. आन् परवा दिसलं, तर त्याच्यामागं माजी सून व्हती. आपल्या रानात कुठंबी नळी धरा, पलीकडं कुनाचं तरी घर हाय."

मागच्या रांगेतून गोरख उठला. "मग माज्या आईला काय पायजे व्हतं?"

तात्या खाली बसले. ठरावातून रायफल गेली, वीज आणि पिंजरे राहिले, सभा संपली. गोरख त्यांच्या शेजारून तडक निघून गेला. तात्यांना फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवले नाहीत. साळुबाईनं ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "झुंबर एकली व्हती, आन् वाकल्याली व्हती. बंदुकीचा काय संबंध त्याच्यात?"

सकाळी तात्या अंघोळ करून निघाले. दुनळी खुंटीवरच होती. बांध ओलांडून ते गोरखच्या रानात गेले. गोरखची बायको मोहिनी गवत कापत होती. गुरं काही बिबट्या गेला का विचारत नाहीत, त्यांना सकाळी वैरण लागते. एक मूठ कापायची, मान वर करून उसाकडं बघायची, मग दुसरी मूठ. अशानं भारा कधी व्हायचा?

तात्या तिच्यापासून चार पावलांवर उसाकडं तोंड करून उभे राहिले.

"तात्या, काय काम व्हतं?" मोहिनीनं विचारलं.

"काय न्हाई. तू काप, मी हाय उभा."

"बंदूक?"

"ठिवली घरी."

मोहिनी कापायला लागली. तरी मान वर होतच होती. एकट्या म्हाताऱ्याच्या भरवशावर कोण निर्धास्त राहील? तात्यांना राग आला नाही. ते ताठ उभे राहिले, जेवढं उंच दिसता येईल तेवढं. एका जागी नुसतं उभं राहणं हे बंदूक धरण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे, आणि त्यात कुणी वाट करून देत नाही.

थोड्या वेळानं गोरख डबा घेऊन कामाला निघाला. बांधावर तात्यांना बघून थबकला.

तात्या मागं न बघता म्हणाले, "तू इचारलं व्हतंस काल. तिच्याजवळ एक मानूस उभा पायजे व्हता, गोरख. रामदास सांगून थकला. आन् ती गेल्यावर बी आमी समदे फाट्यावर काडतूस बगत बसलो."

गोरखच्या डोळ्यात पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. मग त्यानं डबा बांधावर ठेवला, मोहिनीच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि तात्यांकडं पाठ करून, पलीकडच्या उसाकडं बघत उभा राहिला.

मोहिनीनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं. मग खाली वाकली आणि बांधाच्या टोकापर्यंतचं सगळं गवत मान वर न करता कापून काढलं.