बांधाचे दगड

माझा भाऊ बेसिल बोलायला लागला की भरतीसुद्धा ऐकत उभी राहील, असं आमची आई म्हणायची. त्यामुळे "मी माझं वेगळं बेट बांधतो" असं त्यानं जाहीर केलं, तेव्हा कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

आम्हा दर्यावाल्यांना घर बांधायचं तर आधी जमीन बांधावी लागते. किनाऱ्यावरची माती डोंगरवाल्यांची. ती मागायला गेलं की पणजोबांपासूनची भांडणं निघतात. म्हणून समुद्राच्या तळाचे दगड उपसायचे, तराफ्यावर घालून आणायचे आणि उथळ पाण्यात टाकत राहायचं, भरतीच्या वर माथा निघेपर्यंत. आजोबांनी असंच रचलेलं बेट आम्हाला पुरत होतं. पण मी नवरा गेल्यावर परत आले आणि बेसिलच्या बायकोला, नेस्टाला, तिसरं मूल झालं, तेव्हा पाय पसरायला जागा उरली नाही.

"वन्सं, रात्री माझ्या कुशीत तुमचं मांजर आणि तुमच्या कुशीत माझं पोर," नेस्टा म्हणायची. "सकाळी कोण कुणाचं ते शोधायचं."

बांची, म्हणजे आमच्या वडिलांची, दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. त्यांनी एकच अट घातली. "दगड बाहेरच्या उथळावरून आण. बांधाला हात लावायचा नाही."

बांध म्हणजे बेटासमोरची खडकांची रांग. आजोबांनी बेट रचताना ती मुद्दाम राखली होती. मोठ्या लाटेला आधी तिथं आपटून यावं लागे, आणि आमच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असे.

पहिलं वर्ष बेसिलनं शब्द पाळला. बाहेरचा उथळ लांब, एका भरतीत जेमतेम एक तराफा व्हायचा. आणलेले दगड खालचा चिखल गिळून टाकायचा. मदतीला आलेले चुलतभाऊ मासे आणि अळूचे कंद खाऊन ढेकर देत परत जायचे. मग एकेक करून ते राजधानीला, होनिआराला, कामाला गेले. जेवायला होते तितकेसुद्धा ओढायला उरले नाहीत. बेसिलच्या हातांची सालं निघाली आणि बेट मात्र ओहोटीला कासवाच्या पाठीएवढं दिसायचं. मला त्याची दया यायची, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी मी शिंपले वेचायला गेले, तर हा पहार घेऊन बांधावर उभा.

"मेल्या, म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतोयस!" मी ओरडले.

"आक्का, चार दगडांनी काय होतंय? आणि हळू बोल."

"कुणाला कळू नये म्हणून? सगळ्या खाडीला डोळे आहेत."

ते चार दगड कुठले! महिनाभरात बांधाला मधोमध खिंडार पडलं. शेजारच्या बेटांवर कुजबूज सुरू झाली. बांना मी सांगितलं नाही, बेसिलनंही नाही. सांगायची गरजही नव्हती. एका संध्याकाळी जेवता जेवता बा थांबले आणि म्हणाले, "लाट आता थांबत नाही. आधी बांधावर आपटायची, दम खायची, मग यायची. आता सरळ येतेय."

नेस्टानं पोराच्या तोंडावर हात ठेवला. बेसिल तर पानातल्या माशाकडेच बघत बसला. बापाचा शाप आमच्याकडे साधा समजत नाहीत.

"अजून किती तराफे लागतील?" बांनी विचारलं.

"सात-आठ," बेसिल कसाबसा बोलला.

"मग काढ. मोडका बांध मला राखत नाही आणि अर्धं बेट तुला राखत नाही. पण वारा फिरून मोठ्या लाटा यायच्या आत पुरं कर. आणि मग मला तिकडं ने. इथं आता माझं खरं नाही."

बेसिल लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो माणूसच बदलला. न बोलता राबायला लागला. ते पाहून शेजारचे दोघं-तिघं आपणहून आले. बेट वर आलं, भिंत सरळ उभी राहिली, तिवरांचे खांब रोवले गेले. सागोच्या झावळ्यांसाठी डोंगरवाल्यांनी आठवडाभर रडवलं, पण शेवटी एका बुधवारी छप्पर चढलं. वारा अजून फिरला नव्हता.

गुरुवारी सकाळी बांनी आपली चटई गुंडाळली आणि दारात येऊन बसले. "चला," म्हणाले.

"आज नाही, बा," बेसिल म्हणाला. "रविवारी. पाद्रीबाबांना सांगितलंय, डुक्कर ठरवलंय. सगळ्या बेटांवरची माणसं येतील. घरात पहिलं पाऊल तुझं पडेल."

"लोकांना रविवारी डुक्कर खाऊ घाल," मी म्हटलं. "बाला आज ने."

"बापाचा बांध फोडला आणि बापाला गाठोड्यासारखं आणून टाकलं, असं म्हणायला मोकळे! आक्का, मला त्यांच्यादेखत त्याला न्यायचंय."

मी आणखी बोलणार होते, पण बांचा चेहरा खुलला होता. म्हातारा मानाचा भुकेला. "डुक्कर मोठं आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"मोठं म्हणजे? तराफा बुडवेल."

"मग थांबू. चार दिवसांनी काय होतंय?" बा म्हणाले. त्यांनी चटई मात्र सोडली नाही, तशीच गुंडाळून उशाशी ठेवली.

शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं. वादळ कुठंतरी फार लांब झालं असावं. अमावास्येची भरती होती आणि तिच्या पाठीवर लाटा आल्या, गुरगुरल्यासुद्धा नाहीत. बेसिल अळूचे कंद आणायला किनाऱ्यावर गेला होता. नेस्टा पोरांना घेऊन नव्या बेटावर, घराबाहेर, रविवारच्या जेवणाची चूल मांडत होती. जुन्या बेटावर मी आणि बा दोघंच. पहिली लाट आमच्या भिंतीवरून आली आणि घरातली चूल विझली. दुसरीनं भिंतीच्या आतले दगड उपसले. पायाखालची जमीन खचायला लागली, तशी मी बांना काखेत धरून होडीपर्यंत ओढलं. होडीच्या काठावर त्यांचा एक हात होता, दुसऱ्यात चटई.

"चटई सोड बा!" मी किंचाळले.

त्यांनी ती होडीत टाकली. तेवढ्यात तिसरी लाट आली आणि त्यांच्या पायाखालची भिंत गेली. माझ्या हातात त्यांचं मनगट होतं, मग नव्हतं.

दुपारी ओहोटी लागल्यावर ते सापडले, आजोबांनी रचलेल्या दगडांखाली. बेसिलनं एकेक दगड हातानं उचलून बाजूला ठेवला.

रविवारी पाद्रीबाबा आले, कारण त्यांना बोलावलंच होतं. सगळ्या बेटांवरची माणसं आली. डुक्कर कापलं, कारण मयतालाही जेवण घालावं लागतं. बांना तोवर शेजाऱ्यांच्या होडीघरात ठेवलं होतं. नव्या घरात कुणालाही जाऊ न देता बेसिलनं आधी त्यांना आत नेलं. चौघांनी उचललं होतं. मी मागून चटई घेऊन गेले आणि नव्या जमिनीवर अंथरली.

किनाऱ्यावर माती देऊन आल्यावर माणसं पांगली. नेस्टानं पोरांना झोपवलं. बेसिल बाहेर भिंतीच्या कडेला बसून होता. समोर आमचं जुनं बेट, दगडांचा नुसता ढीग.

"आक्का," तो म्हणाला, "त्या दिवशी इथं उंबऱ्यालासुद्धा पाणी लागलं नाही गं. मी बघितलं. उंबरा कोरडा होता."

त्याच्या पाठीवर हात ठेवावा की त्याला ढकलून द्यावं, मला कळेना. दोन्हीही जमलं नाही.

"चांगलं बांधलंस," मी म्हटलं. "ऊठ. आता त्यात राहा."