सात नंबर

पवनेच्या घाटावर दहाव्याचा पिंड ठेवून तास उलटला, तरी कावळा शिवेना. पिंपळावर आठ-दहा बसले होते. टक लावून बघत होते, पण उतरत एकही नव्हता.

"जिवंतपणी कधी वेळेवर जेवला नाहीस, आता तरी ये रे बाबा," सुहासिनीबाई पुटपुटल्या. चाकणला शिफ्टला निघालेला त्यांचा स्वानंद ट्रकखाली गेला होता.

हरिहरकाका पुढे झाले. "आईची काळजी सोड, मी आहे."

कावळे जागचे हलले नाहीत.

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी म्हणाले.

"नको. त्याचं काय राहिलंय ते कळल्याशिवाय मी उठायची नाही."

काय राहिलंय ते धाकट्या अनुयाला ठाऊक होतं. वर्षापूर्वी तिच्या चाकणच्या प्रयोगशाळेला रक्तदाते मिळेनात, तेव्हा तिने भावालाच नेलं. नियमाप्रमाणे नाव झाकलं, नंबर पडला सात. त्या रक्तातल्या पेशी गर्भातल्यासारख्या कोऱ्या केल्या आणि त्यांतून हृदयाच्या पेशी वाढवल्या. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये त्या अजून धडधडत होत्या.

ती पिंडापाशी वाकली. 'दादा, मी थांबवते ते. एकही ठेवत नाही.'

डोक्यावरून वारा गेला. कावळ्याने पिंडात चोच घातली होती.

सुतक फिटलं नव्हतं, तरी दुपारी ती कामावर गेली. प्लेटमध्ये ब्लीच ओतून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ठोके विरळ होत थांबले. मग नायट्रोजनच्या टाकीतल्या गोठवलेल्या अकरा नळ्याही तिने संपवल्या.

"अगं, आज कशाला आलीस?" सलिलसर दारात उभे होते.

"सर, सात नंबर टाकून दिला. सगळा." बोलणी खायची तिची तयारी होती.

ते हसले. "नशीब, दोन नळ्या मी बेंगळुरूला पाठवल्या होत्या! चिवट गडी आहे हा. तिथून पुढे सहा ठिकाणी गेलाय. हे बघ."

फोनवर प्लेटांच्या रांगाच रांगा होत्या. प्रत्येकीत काहीतरी उडत होतं.

"वेगवेगळ्या प्लेटा, एकमेकींना शिवलेल्याही नाहीत. पण गेले दहा दिवस सगळ्या एकाच ठोक्यावर चालतायत. कुणालाच कारण सापडेना."

अनुयाचा फोन वाजला. आई होती. आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटत होता.

"जेवून घे गं. सुटला एकदाचा माझा स्वानंद. सुटला ना?"

"हो आई," अनुया म्हणाली.

सरांच्या हातातला व्हिडिओ संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.